माया आणि मात्रा

मायेला माप नसते असे आपण सहज म्हणून जातो. आईने पानात वाढलेला भात आणि आजीने नातवाच्या मुठीत ठेवलेला खाऊ यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ठेवू नये हेच बरे. औषधाची गोष्ट मात्र निराळी. औषधाला माप असते आणि त्या मापाला मराठीत 'मात्रा' असे म्हणतात. हाच शब्द आपण लहानपणी पाटीवर अक्षरे गिरवताना शिकलो. एका मात्रेने 'दव' या शब्दाचा 'देव' होतो आणि तिच्यावर आणखी एक मात्रा चढवली की 'देव' जाऊन 'दैव' उरते. अक्षरे तीच, फक्त मात्रा वाढली आणि अर्थ पालटला.

जीवनातही असेच घडते काय? ज्याच्यावर आपली माया आहे त्याला चांगली वस्तू किती द्यावी? आणि घेणारा जर 'पुरे' म्हणू शकत नसेल, तर थांबण्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटेल. आम्हांला तो नीतीचा वाटतो. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही एक खरी घडलेली हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत. ती अमेरिकेतील आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आहे आणि तिच्या केंद्रस्थानी विष नसून एक जीवनसत्त्व आहे.

नावातले मोठेपण

१९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप या दोन संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ठरावीक आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्या धडधाकट दिसत, त्यांना गर्भही राहत असे, पण तो पोटात टिकत नसे. आहारात हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर घातला की पिले सुखरूप जन्माला येत. त्या अज्ञात घटकाला पुढे 'ई' जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९३६ साली ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले, तेव्हा इव्हान्स यांनी त्याला ग्रीक शब्दांवरून 'टोकोफेरॉल' असे नाव दिले. सेमिनरीत थोडेबहुत ग्रीक गिरवलेल्या आम्हां मंडळींना त्याचा अर्थ चटकन कळतो : 'टोकोस' म्हणजे बाळंतपण, अपत्य आणि 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणे. अपत्याला जगात वाहून आणणारे, असे हे द्रव्य.

आपल्या भाषेने तर त्याहून एक पाऊल पुढे टाकले. 'व्हिटॅमिन' या शब्दासाठी आपण 'जीवनसत्त्व' असा शब्द घडविला. जीवनाचे सत्त्व! ज्याच्या नावातच जीवन आहे, ते देताना कोणाचा हात कचरेल? विषाची बाटली आपण कुलपात ठेवतो; जीवनसत्त्वाची बाटली मात्र जेवणाच्या टेबलावर उघडी असते. नाव ऐकूनच मन निर्धास्त होते आणि निर्धास्त मन मोजत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे बीज तेथेच आहे.

साठणारे दान

जीवनसत्त्वांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही पाण्यात विरघळतात. त्यांपैकी बहुतेकांचा नको असलेला भाग शरीर लघवीवाटे बाहेर टाकते. काही चरबीत विरघळतात. ती शरीरात, विशेषतः यकृतात आणि चरबीत, साठून राहतात. 'ई' जीवनसत्त्व या दुसऱ्या वर्गातले. पेशींच्या पातळ आवरणांना प्राणवायूच्या जाळणाऱ्या परिणामापासून वाचविणे हे त्याचे मुख्य काम.

हे जीवनसत्त्व आईकडून गर्भाकडे फार थोडे जाते आणि जे जाते त्याचा साठा मुख्यत्वे शेवटच्या महिन्यांत, बाळाच्या अंगावर चरबी चढू लागते तेव्हा होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साऱ्या शरीरात ते सुमारे २० मिलिग्रॅम असते. अवघ्या एक किलो वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शरीरात सुमारे ३ मिलिग्रॅम. निसर्गाने ही उणीव भरून काढण्याची सोयही केली आहे : बाळंतिणीच्या पहिल्या चिकाच्या दुधात हे जीवनसत्त्व पुढच्या दुधाहून कितीतरी अधिक असते. पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या अंगावर लागले की त्याची गरज भागू लागते.

पण जे बाळ दोन-तीन महिने आधीच जगात आले, ज्याला अजून चोखता येत नाही, जे काचेच्या पेटीत नळ्यांच्या आधारे श्वास घेत आहे, त्याचे काय? त्याची गरज खरी आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशा बाळांना दिल्या जाणाऱ्या काही कृत्रिम दुधांमुळे त्यांच्यात 'ई' जीवनसत्त्वाची कमतरता होऊन रक्तपेशी फुटू लागल्या आणि पंडुरोग जडला. हे १९६७ च्या सुमारास डॉक्टरांनी सिद्ध केले आणि ते जीवनसत्त्व योग्य प्रमाणात देऊन तो रोग आटोक्यातही आणला. तेव्हा देणे हीच नीती होती. न देणे ही हयगय ठरली असती.

चांगल्या वस्तूचा पहिला धडा

अशा बाळांच्या उपचारात 'चांगल्याचे अति' काय करते याचा एक धडा वैद्यकाला त्यापूर्वीच मिळाला होता. १९४२ साली बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आढळणाऱ्या एका नव्या प्रकारच्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी त्याने गेली. गंमत नव्हे, दुःख असे की हा रोग गरीब देशांपेक्षा सुसज्ज इस्पितळांतच अधिक होता. कारण शोधता शोधता बोट टेकले ते प्राणवायूवर. बाळांना वाचविण्यासाठी पेटीत मुक्तहस्ताने सोडलेला प्राणवायूच त्यांच्या कोवळ्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या बिघडवीत होता. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये तशी शंका मांडली आणि १९५३–५४ मध्ये अमेरिकेतील अनेक इस्पितळांनी मिळून केलेल्या चाचणीने ती खरी ठरविली.

प्राणवायूहून अधिक निर्दोष वस्तू कोणती? तरीही तिला मात्रा होती. आणि या कथेचा पुढचा भागही विसरता कामा नये. भीतीपोटी डॉक्टरांनी प्राणवायू फारच आखडता घेतला, तेव्हा अंधत्व घटले पण श्वासाअभावी दगावणारी बाळे वाढली. अतिरेकाचे उत्तर कंजूषपणा हे नव्हे. जो केवळ घाबरून हात मागे घेतो, त्यानेही मोजलेले नसते.

ई-फेरॉल

अंधत्वाचा हा रोग पुरता हटला नाही, कारण आणखी लहान बाळे आता जगू लागली होती. तेव्हा डॉक्टरांचे लक्ष 'ई' जीवनसत्त्वाकडे वळले. प्राणवायूचा जाळ सोसण्याची शक्ती ज्यात आहे, ते डोळ्यांचे रक्षण का करणार नाही? १९४९ मध्येही असा एक आशादायक दावा झाला होता, पण इतरांना तो परिणाम पुन्हा मिळाला नव्हता. १९८१ मध्ये ह्यूस्टन येथील एका पद्धतशीर चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ज्या बाळांना तोंडावाटे दररोज दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम 'ई' जीवनसत्त्व दिले गेले, त्यांच्यात हा रोग कमी तीव्र झाला. ज्या देहात मुळात अवघे ३ मिलिग्रॅम असते, त्याला रोज शंभर! तोंडावाटे दिलेले सारे अंगी लागत नाही हे खरे. तरीही या आकड्यांतील अंतर विचार करावयास लावणारे आहे.

अडचण हीच होती की या बाळांचे आतडे कच्चे; औषध नीट शोषले जात नसे. स्नायूत सुई टोचावी तर स्नायू नावापुरता. म्हणून शिरेतून देता येईल अशा औषधाची मागणी होऊ लागली. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या बाजारात 'ई-फेरॉल' नावाचे असे औषध आले. चरबीत विरघळणारे द्रव्य पाण्यात मिसळावे म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट नावाची मिश्रके बरीच घातलेली होती. हे औषध विकण्यापूर्वी सरकारी औषध प्रशासनाची मान्यता घेतलेली नव्हती. ज्या चिमुकल्या जीवांसाठी ते काढले, त्यांना ते सोसेल की नाही याची चाचणीही झाली नव्हती. एका जीवनसत्त्वाची परीक्षा ती काय घ्यायची!

त्यानंतर निरनिराळ्या शहरांतील बालविभागांत एक चमत्कारिक आजार दिसू लागला. दीड किलोच्या आतील बाळांच्या पोटात पाणी होई, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होत, रक्त गोठविणाऱ्या कणिका घटत. सावध डॉक्टरांनी बाळांच्या नोंदी ताडून पाहिल्या. सर्वांत समान दुवा एकच निघाला. एप्रिल १९८४ मध्ये औषध परत घेण्यात आले. तोवर अधिकृत हिशेबानुसार ३८ बाळांचे मृत्यू त्या औषधाशी जोडले गेले होते.

दोष कोणाचा? जीवनसत्त्वाचा की मिश्रकांचा? तज्ज्ञांचा मुख्य संशय मिश्रकांवर राहिला. पण मोठ्या मात्रेत शिरेतून गेलेले 'ई' जीवनसत्त्व नवजात जीवाच्या यकृतात साठून राहते, हेही नवजात प्राण्यांवरील अभ्यासांत दिसले. हे औषध नसतानाही उच्च मात्रा निर्दोष नव्हती. फिलाडेल्फिया येथील १९८५ च्या अभ्यासात, ज्या बाळांच्या रक्तात 'ई' जीवनसत्त्वाची पातळी दीर्घकाळ उंच ठेवली होती, त्यांच्यात रक्तातील जंतुसंसर्ग आणि आतड्याचा एक गंभीर रोग अधिक आढळला. तज्ज्ञांना वाटते की आपल्या पांढऱ्या पेशी ज्या जाळाने जंतूंना मारतात, तोच जाळ हे जीवनसत्त्व विझवीत असावे. ढाल फार मोठी झाली की तलवार उचलता येत नाही, तसा हा प्रकार. २००३ साली अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा चित्र मिश्र दिसले : मेंदूतील रक्तस्राव काही अंशी कमी, परंतु जंतुसंसर्ग अधिक. उच्च मात्रा सरसकट देऊ नये, असाच त्याचा निष्कर्ष होता.

ई-फेरॉल बनविणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत फौजदारी खटला चालला. काही अधिकारी दोषी ठरले, त्यांना कारावासाची शिक्षा झाली आणि १९९० साली अपील न्यायालयाने दोषनिश्चिती कायम ठेवली. कायद्याने आपले काम केले. नीतीचे काम मात्र तेथे संपत नाही. किंबहुना तेथे ते सुरू होते.

अज्ञान आणि अपराध

'आम्हांला ठाऊक नव्हते' हे मानवजातीचे सर्वांत जुने समर्थन आहे. ख्रिस्ती नीतिशास्त्र हे समर्थन झिडकारीत नाही; ते फक्त एक उलट प्रश्न विचारते : ठाऊक करून घेता आले असते काय? संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार मानले. एक, प्रामाणिक प्रयत्नांनीही जे दूर होत नाही ते. त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे, जे दूर करता आले असते आणि करणे आपले कर्तव्य होते, पण आपण केले नाही ते; त्याचा दोष लागतो. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही हेच सूत्र मांडले आहे : सत्य काय आणि हित काय हे शोधण्याचे कष्ट जो घेत नाही, त्याचे अज्ञान त्याच्या खाती जमा होते.

या कसोटीवर ह्यूस्टनचे संशोधक आणि ई-फेरॉलचे विक्रेते यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पहिल्यांनी आपले अज्ञान ओळखले, चाचणी घेतली, निष्कर्ष जगासमोर मांडला आणि इतरांना तो तपासता आला. दुसऱ्यांनी ज्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, तो प्रश्नच ओलांडून पुढे पाऊल टाकले. चूक दोघांकडूनही होऊ शकते. पण शोधणाऱ्याची चूक आणि न शोधणाऱ्याची चूक एका तराजूत घालता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, 'फादर, पुस्तकातले बोलणे सोपे आहे. समोर बाळाची दृष्टी जात असताना चाचण्यांची वाट कोण पाहील? माया थांबत नसते.' या आक्षेपात वजन आहे. आम्हां धर्मगुरूंना कधी इस्पितळातून बोलावणे येते. काचेच्या पेटीतील तळहाताएवढ्या जीवाला तातडीचा स्नानसंस्कार द्यावयाचा असतो. बाहेर उभ्या असलेल्या बापाचे डोळे ज्याने पाहिले आहेत, तो 'थांबा' हा शब्द सहज उच्चारणार नाही. 'काहीही करा, पण करा' असेच त्या घडीला सारे म्हणतात.

परंतु नेमक्या त्याच घडीला कोणीतरी मोजणारा लागतो. ज्या कसोशीने १९५३–५४ ची चाचणी झाली, तिने प्राणवायूचे सत्य उघड केले नसते, तर मायेच्या पोटी आणखी किती डोळे विझले असते? चाचणी म्हणजे मायेने केलेला उशीर नव्हे. ती धीर धरलेली माया आहे. संत थॉमस यांनी विवेक या सद्गुणाचे जे घटक सांगितले, त्यांत सभोवार पाहणे आणि सावधपणा यांना स्थान आहे. सावधपणाचे कारणही ते मार्मिक देतात : जगात वाईट गोष्ट पुष्कळदा चांगल्याच्या रूपात येते. जीवनसत्त्वाच्या नावाने आलेली ती बाटली याहून वेगळी कोठे होती?

घेणाऱ्याचे माप

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठ्या माणसाला औषध जड गेले तर तो सांगतो, नको म्हणतो, डॉक्टर बदलतो. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधनाच्या मर्यादांविषयी बोलताना स्पष्ट केले होते की रुग्णाने दिला तेवढाच अधिकार डॉक्टरला रुग्णावर असतो. तान्हे बाळ कोणताही अधिकार कोणालाही देऊ शकत नाही. त्याच्या वतीने आई-बाप बोलतात, तेही मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून. आणि विश्वस्ताचा पहिला धर्म हाच की दुसऱ्याची ठेव स्वतःच्या उत्साहाने उधळू नये.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे : घेणारा जितका दुबळा, तितके देणाऱ्याने माप अधिक काटेकोरपणे पाळावे, आणि ते माप देणाऱ्याच्या मायेवरून नव्हे, घेणाऱ्याच्या देहावरून घ्यावे. जे साठते ते देताना तर दुप्पट जपावे. न पचलेला घास बाळ ओकून टाकते. यकृतात साठलेल्या औषधाला ती वाट नाही. आपले दान त्याच्या अंगात मुक्काम करते. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला, तेव्हाही प्रत्येकामागे माप ठरलेले होते. ज्याने हावेने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्याच्या भांड्यात किडे पडले. तो स्वर्गातून आलेला होता, तरीही.

ही समज आपल्या परंपरेला परकी नाही. बाळगुटी उगाळणारी आजी सहाणेवर प्रत्येक मुळीचे वेढे मोजी. दोन महिन्यांच्या बाळाला किती आणि सहा महिन्यांच्या बाळाला किती हे तिला पाठ असे. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी, पाणी, मध काहीही देऊ नये असे सांगतात आणि ते ऐकावे. पण त्या आजीची मोजण्याची सवय मात्र टाकून देऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब तेवढेच द्यावेत. बाळ बारीक दिसते म्हणून एक थेंब वाढवू नये. शेजारणीच्या बाळाला मानवले म्हणून तीच बाटली आणू नये. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला इस्पितळाने दिलेली औषधे मनाने बंदही करू नयेत. शंका आली तर विचारावे. विचारणे हा अविश्वास नव्हे. ते दूर करता येण्याजोगे अज्ञान दूर करणे होय.

'अति तेथे माती' ही म्हण आपण खादाडाला सुनावतो, उधळ्याला सुनावतो. ती प्रेम करणाऱ्यालाही लागू पडते, हे मान्य करणे मात्र जड जाते. कारण आपला हेतू शुद्ध असतो. हेतूची शुद्धता हृदयात राहते, मात्रा बाळाच्या देहात जाते. त्या दोहोंमधले अंतर जो विवेकाने भरून काढतो, त्याचीच माया बाळाच्या उपयोगी पडते. ई-फेरॉल प्रकरणानंतर, मान्यतेविना विकल्या जाणाऱ्या औषधांचेही दुष्परिणाम सरकारला कळविण्याचे बंधन अमेरिकेत १९८६ साली घातले गेले. तो नियम अडतीस बाळांच्या मृत्यूंनंतर आला. आपल्या घरातला नियम त्याआधीच असावा. तो लिहून ठेवावयास औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी पुरेशी आहे.